बोटभर फट

थंडी पडली की माझ्या हॉटेलात धूर होतो, आणि धूर झाला की मला एका बाईचा राग येतो. राग येतो असंच मी म्हणते. आठवण येते म्हटलं की समोरचा माणूस लगेच आवाज मऊ करतो, आणि मऊ आवाजात बोलणाऱ्याला आपल्या गळ्यात काहीतरी मारायचं असतं, एवढं मी धंद्यात शिकले आहे.

हॉटेल घोडेगावच्या रस्त्यावर आहे. बाहेर मोठी पाटी आहे, ‘चुलीवरची भाकरी’. आतल्या बाजूला गॅसच्या शेगड्या आहेत, हेही खरं. पण दर्शनी बाजूला मी तीन चुली घालून घेतल्या, कारण भीमाशंकरला जाणारे लोक गाडी थांबवतात ते चूल बघून. ज्या धुरातून बाहेर पडायला मी अर्धं आयुष्य घालवलं, तोच धूर आता विकते. लोक डोळे चोळत, खोकत भाकरी खातात आणि म्हणतात, अस्सल आहे. मी गल्ल्यावरून बघते आणि मनात म्हणते, बाबांनो, अस्सल चुलीला धूर नसतो.

चुलीवर बसणाऱ्या बायका कामाला चांगल्या आहेत, पण लाकडं कोंबतात. पोत्यात कांदा भरावा तशी. जाळ भडकला की ओढून काढतात, विझत आला की फुंकणी घेऊन गाल फुगवतात. मग मी उठते. “सरका,” म्हणते. सगळी लाकडं बाहेर घेते, राखेवर हात फिरवते आणि पहिल्यापासून मांडते. मागच्या अंगाला गाठीचा बुडखा, खोडाच्या बुडातला जाड ओंडका, आडवा. त्याच्यापुढे दोन जाड लाकडं, मध्ये बोटभर फट. वर मधल्या ढलप्या, त्यांच्यावर काटक्या, आणि काडी लावायची ती सगळ्यात वर. थोड्या वेळात धूर जातो. तव्याखाली जाळ असा बसतो, जसा शहाणा माणूस पंगतीत बसतो. हावरा नाही आणि रुसलेलाही नाही.

“बाई, तुमच्या हाताला गुण हाय,” त्या म्हणतात.

गुण असेल. हात मात्र माझे नाहीत. माझ्या थोरल्या जावेचे आहेत.

तिला मी आक्का म्हणते. शिनोलीच्या त्या घरात ती माझ्या आधी आठ वर्षं नांदायला आली होती. मी गेले तोवर थोरले दीर वारले होते. मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर घाटघर, नाणेघाटाच्या तोंडाशी. तिथे पावसाळ्याचे चार महिने ऊन दिसत नाही, आणि थंडीत वारा दरीतून वर चढून सरळ दारात येतो. अशा गावात ओल्या दिवशी विस्तव विझला तर दुसऱ्याच्या दारी मागायला जावं लागायचं, आणि त्या घरची म्हातारी वर्षभर बोलून दाखवायची. म्हणून तिकडच्या मुली भाकरी थापायच्या आधी विस्तव राखायला शिकतात. माझं माहेर खाली, नदीकाठच्या बागायतीतलं. आमच्या घरात काडेपेटी होती आणि सुकी लाकडं होती. आम्ही विस्तव पेटवायचो. राखायची वेळच आली नाही.

हा फरक मला फार उशिरा कळला.

मी बोलणारी, ती गप्प. मी बाजारात शिरले की भाजीवाले एकमेकांना खुणावायचे, आली बघ. शेवटचा टोमॅटो वर टाकून घेतल्याशिवाय मी पिशवी उचलत नसे. ती माझ्यामागे दोन पावलं उभी राहायची आणि माझी घासाघीस संपेपर्यंत आकाशाकडे बघायची. एकदा म्हणाली, “मंदे, तुझ्यासंगं देव बी घाटा खाऊन जाईल.” मला ती शाबासकी वाटली होती.

पारगावला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तो सगळा परिसर थंडीतही तापलेला असायचा. उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, मळीचा आंबूस-गोड वास, पाळी बदलताना वाजणारा भोंगा. चिमणीतून काळी काजळी उडायची आणि वाळत घातलेल्या लुगड्यावर टिकल्यांसारखी बसायची. शिनोलीच्या दोन पावसाळी खाचरांवर घर चालत नव्हतं. माझे मालक शेत सोडायला तयार नव्हते. मीच म्हटलं, तिथे इतकी तोंडं आहेत, त्यांना कोणीतरी जेवायला घालायला हवं. मग एका कार्तिकात आम्ही दोघी जावा कारखान्यासमोर पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ घालून बसलो. शेड पुढून सताड उघडी. चूल थेट रस्त्यावरून दिसायची. समोर, रस्त्याच्या पलीकडे, एसटीचा थांबा आणि त्याला लागून रखमाबाईचा लाकडाचा ढीग.

कल्पना माझी, बाजार माझा, गिऱ्हाईक माझं. चूल आक्काची. पहिल्याच दिवशी तिने मातीची लांब चूल घातली, बाजूला कालवणाचं भांडं ठेवायला वैल काढलं. तोंडाशी ठेवायला कौलाचा एक तुकडा कुठूनतरी शोधून आणला. तो तुकडा म्हणजे तिचा लगाम. भाकरीला जाळ हवा की कौल बाजूला, कालवण रटरटायला हवं की कौल अर्ध्यावर.

तिने पहिल्यांदा लाकडं मांडली तेव्हा मी हसले होते. जाड लाकडं खाली आणि काटक्या वर.

“आक्का, उलटं झालं ना. जाळ कधी खाली उतरतो का?”

“उतरतो. घाई न्हाई केली तर.”

“आणि एवढी चिकटून कशाला ठेवता? जरा हवा लागू द्या.”

तिने दोन लाकडांच्या मधल्या फटीत आपलं बोट घातलं आणि मला दाखवलं. “लांब ठिवली की एकमेकीचं तोंड बघत न्हाईत, इझून जात्यात. एकदम मिठी घातली की गुदमरत्यात. एवढी फट पायजे. जावा-जावांत असती तेवढी.”

जेवायला बसलेला एक ट्रॅक्टरवाला हसता हसता ठसकला. मीही हसले. पण फट बघितली नाही.

आता वाटतं, तो हंगाम मी नुसता मोजला. किती माणसं जेवली, किती भाकऱ्या गेल्या, किती उरल्या. तिने तो राखला. पहाटेच्या धुक्यात ती चुलीपुढे बसायची. राख हाताने अलगद बाजूला करायची आणि खालून बुडख्याचा लालभडक डोळा उघडायचा. त्यावर चार काटक्या ठेवल्या की जाळ. काडेपेटी आम्हाला त्या दोन महिन्यांत एक लागली असेल. लाकूड ती कधी पेटत्या जाळावर टाकत नसे. जाळ खाली बसला, निखाऱ्यांचा आर लाल झाला, की हळूच खालून सरकवायची. आवाजावरून तिला कळायचं. तडतड झाली की म्हणायची, “पळायला लागलं.” आणि कौल पुढे ओढायची. मी भाजी निवडताना ऐकायचे आणि मला काहीच वेगळं ऐकू यायचं नाही.

दुपारी दोन पाळ्यांच्या मधे तासभर शेड रिकामी व्हायची. त्या वेळेचा वास मला अजून येतो. आक्का फुफाट्यात, त्या गरम राखेत, दोन कांदे पुरायची. बाहेरचा पापुद्रा जळून काळा, आतून कांदा मऊ आणि गोड. तो मुठीने फोडायचा, वर मीठ, सोबत सकाळची भाकरी. पाय चुलीकडे करून आम्ही बसायचो. समोरून उसाच्या गाड्या जायच्या. ती तेव्हाच तेवढी बोलायची. घाटघरचं काहीबाही सांगायची, तिथला वारा, तिच्या आईची चूल, कोणी गावाला निघालं की चुलीचं काय करतात, राख कशी घालतात. मी संध्याकाळसाठी भाकऱ्या मोजत असायचे. सत्तावन्न, अठ्ठावन्न. मधे मधे “हां, हां” म्हणायचे.

आज कोणी मला विचारलं की आयुष्यात काय परत हवं, तर मी ती एक दुपार मागेन. आणि या वेळी घासाघीस करणार नाही.

भांडण लाकडावरून झालं. लाकूड घ्यायचं माझ्याकडे होतं आणि रखमाबाईला मी सळो की पळो करून सोडलं होतं. नदीकाठच्या बाभळी तोडून ती ढीग घालायची. मी सगळा ढीग उपसायला लावायचे.

“रखमाबाई, ही लाकडं हायेत का मुतखडे? नुसत्या गाठीच गाठी.”

“मग काय मंदाबाई, झाडाला इस्त्री करून आणू?”

“गाठीचं एक लाकूड घेणार न्हाई. फुटत न्हाई, पेटत न्हाई. सरळ, फोडलेलं, वाळलेलं दे.”

“आवं, गाठीचं असूद्या की थोडं. तुमच्या जावेला…”

“जावेचं मला सांगू नको. सौदा मी करते.”

सौदा करणाऱ्याची नजर दोष शोधत जाते. वांग्याची कीड, कापडाचा डाग, लाकडाची गाठ. दोष सापडला की भाव खाली येतो आणि आपण जिंकतो. या जिंकण्यात एक तोटा आहे, तो कोणी सांगत नाही. वस्तूकडे नुसतं बघायची सवय मोडते. दोषातच एखादा गुण असू शकतो, हे डोक्यात येतच नाही. गाठी बाजूला टाकायला लावून मी सरळ, देखणं लाकूड शेडमध्ये आणायचे आणि आक्का ते हातात घेऊन म्हणायची, “हे पळणारं हाय. धरून ठिवणारं कुठाय?” मी म्हणायचे, “जे आणलंय ते जाळा.” असं चार-पाचदा तरी झालं. हे मला आठवतं. त्या वेळी आठवत नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी मी बाजारातून लवकर परतले. शेडच्या मागून आले तर आक्का रखमाबाईच्या पदरात भाकऱ्या बांधून देत होती. वर कालवणाचा तांब्या. समोर पंगत बसलेली, पंधरा-वीस माणसं. मी पिशवी खाली टाकली.

“अच्छा. असं चालतं का माझ्या माघारी? मी बाजारात एकेका मिरचीसाठी भांडते आणि तुमी इथं दानधर्म करता?”

रखमाबाई म्हणाली, “आवं बाई, ऐकून तरी घ्या…”

“तू गप. तुझं लाकूड आजपासून बंद. पुन्हा या दारात दिसू नको.” आणि आक्काकडे वळून मी ते बोलले. “खाल्ल्या घरचे वासे मोजायची सवय चांगली न्हाई, आक्का.”

पंगतीत कोणीतरी पाण्याचा पेला खाली ठेवला. तो आवाजही मला आठवतो. ज्या घरात ती माझ्या आधी आठ वर्षं आली होती, ज्या घराच्या भिंती तिने शेणामातीच्या हातांनी सारवल्या होत्या, त्या घराची भाकरी मी तिला काढून दाखवली. तीही तिनेच थापलेली.

आक्का रखमाबाईला म्हणाली, “जा तू.” मग पाटावर बसली आणि पुढची भाकरी थापली. संध्याकाळची पाळी जेवून जाईपर्यंत एकही भाकरी करपली नाही, एकही कच्ची राहिली नाही. सकाळी मी उठले तर ती नव्हती. पहिल्या एसटीने गेली, असं चहावाल्याने सांगितलं.

आणि चूल तशीच होती. राखेचा ढीग चुलीत, तोंडाशी कौल, बाजूला पोतेरंही फिरवलेलं नाही. माझ्या माहेरी चूल न सारवता बाई घराबाहेर पडली तर तो त्या घराचा अपमान. शिवी द्यायची ती तोंडाने दिली नाही, चुलीने दिली, असं मला वाटलं. मी कौल भिरकावलं. उलथन्याने राख उपसली. राखेखाली गाठीचा तो मोठा बुडखा होता, आतून लालबुंद. हा माझ्या खरेदीतला नव्हता, एवढंच तेव्हा डोक्यात आलं, आणि राग दुप्पट झाला. मी घागर उचलली आणि ओतली. चर्र झालं. पांढरी वाफ पत्र्यापर्यंत गेली, डोळ्यांत राख गेली. भिजलेला बुडखा मी ओढून मागच्या उकिरड्यावर टाकला. शेडच्या मागे तसलेच दहा-बारा गाठीचे बुडखे नीट रचून ठेवलेले दिसले. तेव्हा कळलं की भाकऱ्या कशाच्या बदल्यात जात होत्या. मी टाकून दिलेलं लाकूड ती भाकऱ्या देऊन घेत होती.

कळलं, पण पटलं नाही. कळण्यात आणि पटण्यात माझ्या बाबतीत नेहमी बरंच अंतर पडतं.

मी चूल पेटवली. माझं सरळ, फोडलेलं, वाळलेलं लाकूड ढणाढणा जळलं. तवा लाल झाला, भाकरी वरून काळी आणि आतून ओली. मग विझली. मग धूर. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “वैनी, आज भाकरी जळती का रडती, काय कळंना राव.” आठवडाभर पुरायचं लाकूड दोन दिवसांत संपलं. मी चिडून चूल शांत केली, शेणामातीने स्वच्छ सारवली, वर पांढऱ्या मातीची बोटं ओढली, आणि रॉकेलचा स्टो पंप मारून पेटवला. तिसऱ्या दिवशी तो स्टो शेडमध्ये फुसफुसत होता आणि चूल थंड, कोरी, देवघरासारखी.

तो हंगाम मी एकटीने निभावला. पुढचेही निभावले. खानावळीचं हॉटेल झालं. पारगावहून मी घोडेगावच्या रस्त्यावर आले, जागा घेतली, स्लॅब टाकला. सगळ्यांना सांगत राहिले, ऐन हंगामात साठ माणसांच्या जेवणावर मला टाकून गेली. सांगून जायचं तरी. तोंड नव्हतं का? एखादी गोष्ट आपण पुष्कळदा सांगितली की ती घट्ट होते, दुधासारखी आटते. माझी तक्रार आटून आटून खवा झाली होती. घाटघरला ती भावाकडे राहते, हे माहीत होतं. दर थंडीत मनात यायचं, जावं. आणि दर थंडीत माझ्यातली बाजारातली बाई म्हणायची, जो आधी पाऊल उचलतो त्याचा भाव पडतो. तिला गरज असेल तर येईल.

काही वर्षांपूर्वी मंचरच्या बाजारात माझ्या दंडाला कोणीतरी धरलं. रखमाबाई. केस पांढरे, दात दोन उरलेले.

“मंदाबाई, अजून टोमॅटो वर टाकून घेता का?”

मला हसू आलं. चहा घेतला. बोलता बोलता ती म्हणाली, “तुमच्या जावंला लई वाईट वाटलं वो तवा.”

“वाईट? मला टाकून ती गेली.”

“टाकून कुठं? दोन दिसांनी येते म्हनली व्हती मला. मंदीचा जाळ बसू दे म्हनली, तवर भावाकडं जाऊन येते. आली की तिसऱ्या दिशी. माझ्या ढिगापाशीच एसटीतनं उतरली. हातात कसलं तरी गाठुडं. तुमच्या शेडकडं बगत उभी ऱ्हायली. लई येळ. मी म्हनलं, जा की. ती म्हनली, चूल सारवली तिनं. आन् जुन्नरची गाडी आली तिच्यात बसून गेली.”

“मग मला का न्हाई सांगितलंस?”

“दारात दिसू नको म्हनला व्हता की.”

चहा माझ्या हातात थंड झाला. मला काहीच समजलं नव्हतं. चूल सारवली, म्हणून परत गेली? सारवलेली चूल बघून कोण परत जातं?

हा प्रश्न घेऊन मी घाटघरला गेले. जुन्नरहून दुपारची मुक्कामी एसटी. खिडकीतून धरणाचं पाणी, मग उघडे माळ, मग वारा. वाटेत काय बोलायचं ते मी घोकत होते. माफी मागायची, पण एकदम नाही. थोडं तिने पुढे यावं, थोडं मी. जुनी खोड.

ती अंगणात काटक्या मोडत बसली होती. लहान झाली होती, वाळली होती, हात तेच. मान वर करून तिने मला नीट न्याहाळलं.

“लई उशीर केलास,” ती म्हणाली. “एसटी पंक्चर झाली व्हती व्हय?”

अकरा वर्षं झाली होती. घोकलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि माफीच्या जागी भांडण बाहेर आलं.

“तुमी रस्ता ओलांडला असता तर काय झालं असतं? पन्नास पावलं. समोर येऊन उभ्या ऱ्हायल्या आणि परत गेल्या?”

“तू चूल सारवलीस.”

“मग? घाण ठेवायची?”

“मी झाकून गेले व्हते, मंदे. परत यायचं असलं की आमच्यात चूल झाकून जात्यात. बुडखा राखंत पुरून. मागच्यांनी तो राखायचा. आन् परत येऊ नगंस असं असलं की मागची मान्सं चूल सारवून घेत्यात. सारवलेली चूल बगितली की त्या घरात शिरायचं नस्तं.”

“मला काय म्हाईत तुमच्याकडची रीत?”

“सांगितली व्हती.”

“कवा?”

ती पुढची काटकी मोडत म्हणाली, “तू भाकऱ्या मोजत व्हतीस तवा.”

मी उंबऱ्यावर बसले. वारा दरीतून येत होता.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. मी अजून म्हणते, रस्ता ओलांडायला हवा होता. रीत मोठी की माणूस मोठं? ती म्हणते, घागर ओतायच्या आधी राख विस्कटून बघितलीस ना, मग लाल बुडखा दिसल्यावर एवढं बी कळलं न्हाई की हा कुणीतरी कुणासाठी ठिवलाय? यावर मी तोच रस्त्याचा मुद्दा पुन्हा काढते. हॉटेलात चल म्हटलं तर ती येत नाही. म्हणते, तुझ्या तीन चुली फोटोपुरत्या, मी कशाला फोटोत बसू. ती तिथे आणि मी इथे. पारगावच्या त्या शेडच्या जागी आता टायरचं दुकान आहे. फुफाट्यातला कांदा मी हॉटेलात भाजून बघितला. कांदा तसाच होतो. दुपार तशी होत नाही.

पण त्या पहिल्या मुक्कामाच्या सकाळचं सांगायचं राहिलं. पहाटे एसटीच्या ड्रायव्हरने गावाला उठवायला हॉर्न दिला. आक्का हापशावर पाण्याला गेली होती. घरात मी आणि तिची चूल. पिशवी भरून झाली होती. मी चुलीपुढे बसले. कोपऱ्यातल्या लाकडांतून सगळ्यात वेडावाकडा, सगळ्यात गाठाळ बुडखा निवडला. असा, जो मी बाजारात पायाने बाजूला सारला असता. तो मागच्या अंगाला आडवा सरकवला. लाल निखारे त्याच्याभोवती ओढले. मग दोन्ही हातांनी राख घातली. विझेल या भीतीने घातली, उघडा राहील या भीतीने आणखी घातली. तोंडाशी कौल लावलं. सारवलं नाही.

दारात पाऊल वाजलं. आक्काने हंडा खाली ठेवला. चुलीकडे बघितलं, मग माझ्या राखेने भरलेल्या हातांकडे. ती माझ्या शेजारी टेकली, कौल बाजूला केलं आणि वरची दोन मुठी राख काढून टाकली.

“राख लई झाली,” ती म्हणाली. बोट घालून तिने बुडख्याच्या कडेला जराशी फट केली. “हां. आता ऱ्हाईल.”